मोठे टायर जरूर दाखवा, पण भरलेली पिकअप घाट उतरताना काय होतं तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गाड्यांच्या पानावर पिकअपला मोठे टायर टाकण्यावर जो लेख आला तो वाचला. फोटो एक नंबर, काळी पिकअप, जाडजूड बटणाचे (उंच रबरी गट्ट्यांचे) टायर, दरवाजापर्यंत चिखल उडालेला, बघून कुणालाही वाटेल आपल्या गाडीला पण हेच पाहिजे. आणि वाटलंच, कारण तेव्हापासून आमच्याकडे पोरं मोबाईलमध्ये तोच फोटो घेऊन येतात, काका सेम असलेच टाका, किती होतील ते बोला. लेखात किंमत आहे, ब्रँड आहेत, लूक आहे. पण ज्या गाडीवर रोज माल भरून घर चालतं तिला हे टायर चढवले की ब्रेकचं, गिअरचं आणि वजन उचलायचं काय होतं, यावर एक ओळ नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, काटछाट केली तरी चालेल फक्त ब्रेकचा भाग कापू नका.

माझं नारायणगावच्या अलीकडं हायवेला टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. म्हणजे मोठे टायर विकले गेले तर फायदा माझाच, चार टायर, त्याला बसतील अशा रुंद रिम, आणि मग वर्षभरात बेअरिंग आणि बॉलजॉइंटचं काम पण माझ्याच गल्ल्यात येणार. तरी सांगतोय.

आमच्या भागातली पिकअप म्हणजे काय ते आधी बघा. टोमॅटोचा सीझन लागला की नारायणगावच्या मार्केटात वीस किलोचे क्रेट, एकावर एक चढवून दोऱ्या आवळलेल्या, आणि रात्री गाडी निघते ती आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, वाशी. १.७ टन पासिंगच्या, म्हणजे तेवढाच माल न्यायची परवानगी असलेल्या गाडीत हिशोबाने ऐंशी-पंच्याऐंशी क्रेट बसतात, प्रत्यक्षात किती बसवतात ते तुम्हालाही माहिती आणि आरटीओलाही माहिती. सकाळी रिकामी गाडी परत, दुपारी तीच गाडी खत आणायला, संध्याकाळी घरच्यांना दवाखान्यात न्यायला. रविवारी मित्रांबरोबर डोंगर चढायला निघालेली गाडी ही नव्हे.

आता लोकांना मोठे टायर का हवे असतात ते मला चांगलं कळतं, सगळेच काही शायनिंग मारायला टाकत नाहीत. शेतातल्या चाकोरीत मधला उंचवटा मागच्या एक्सलच्या हाऊसिंगला, म्हणजे कवचाला घासतो. आणि गावोगावचे स्पीडब्रेकर, इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा पसरट पाहिजे, आमच्याकडं जेसीबीवाल्याला उरलेला माल जिथं ओतावासा वाटला तिथं भिंत उभी. पिकअपला मागं सरळ अख्खा एक्सल असतो, म्हणजे तुम्ही स्प्रिंगचे पाटे वाढवून बॉडी कितीही उचला, एक्सलच्या मधला डिफ्रन्शिअलचा गोळा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर त्यात असतात) जमिनीपासून तेवढाच राहतो, तो वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. इथपर्यंत पोरांचं म्हणणं बरोबर आहे.

पण किती वर जातो ते बघा. समजा गाडीला २१५/७५ आर १५ टायर आहे. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के टायरची भिंत, आणि १५ इंची रिम. गणित केलं तर टायरची पूर्ण उंची ७०३ मिलिमीटरच्या आसपास येते. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३. फरक ३० मिलिमीटर, आणि त्यातला निम्माच एक्सलच्या खाली येतो, निम्मा वर जातो, म्हणजे गाडी उचलली गेली फक्त दीड सेंटिमीटर. फोटोतल्यासारखा ३१ इंची टाकला, ज्याला ३१ बाय १०.५ आर १५ म्हणतात, तर गाडी चार सेंटिमीटरच्या जरा वर उचलते पण टायर जवळजवळ १२ टक्के मोठा होतो आणि तिथून पुढं सगळा खेळ बदलतो.

चाक १२ टक्के मोठं झालं म्हणजे तुमचे सगळेच गिअर तेवढे लांब झाले. पहिला गिअर पहिला राहत नाही, तो पहिला आणि दुसरा यांच्यामधला कुठलातरी होतो. चाकापाशी जो जोर येतो तो दहा टक्क्यांच्या वर कमी, इंजिन तेच २५२३ सीसीचं, माल तोच. चढाला गाडी उचलत नाही मग ड्रायव्हर काय करतो, हाफ क्लचवर खेळवतो, आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास आला की कंपनीला शिव्या. मोकळ्या रोडला हेच बरं वाटतं, इंजिन शांत पळतं, आवाज कमी, त्यामुळं टायर टाकल्या टाकल्या पहिल्या फेरीला सगळे खुश असतात कारण पहिली फेरी रिकाम्या गाडीची असते.

आइसलँडमध्ये आर्क्टिक ट्रक्स म्हणून कंपनी आहे, ते लोक टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपला ३८ इंची टायर टाकून बर्फात पळवतात, त्याचे व्हिडिओ बघून पण पोरं येतात. पण ते मडगार्ड कापून रुंद करतात, डिफ्रन्शिअलमधले क्राउन-पिनियन, म्हणजे तिथली गिअरची जोडी, बदलून गिअरिंग परत खाली आणतात, स्पीडोमीटर परत सेट करतात. म्हणजे टायर बदलणं हे त्या कामातलं सगळ्यात सोपं काम. अमेरिकेतही मोठे टायर टाकणारे नीट लोक क्राउन-पिनियन बदलतात, तिकडं त्याची किट दुकानात मिळतात. आपल्याकडच्या माल वाहणाऱ्या पिकअपला असं किट माझ्या तरी बघण्यात नाही, आणि इथं जे चालतं ते फक्त टायर आणि वरून स्टिकर.

आता ब्रेक. माळशेज भरलेल्या गाडीने उतरताना शहाणा ड्रायव्हर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला टाकतो आणि इंजिनलाच गाडी धरायला लावतो, ब्रेक अधूनमधून. मोठ्या टायरवर त्याच स्पीडला इंजिन कमी फिरतं आणि चाकापर्यंत त्याची पकड पण कमी पोचते, म्हणजे जेवढं इंजिनने धरायचं सोडलं तेवढं सगळं ब्रेकवर आलं. आणि ब्रेकचं काय, तर डिस्क आणि ड्रम तेवढेच, पण चाकाचा घेर वाढला, त्यामुळं पेडल आधीएवढंच दाबलं तर रस्त्यावर धरण्याचा जोर कमी मिळतो, ३१ इंचीला तोही दहा टक्क्यांच्या वर कमी. वरून तो टायर आणि रिम मिळून आधीच्यापेक्षा जड, ते फिरणारं वजन थांबवायचं ते वेगळंच. रिकाम्या गाडीत सपाट रोडला हे जाणवणारच नाही. पावसाळ्यात, धुक्यात, अर्ध्या घाटात ब्रेकचे लायनर तापून पेडल मऊ पडायला लागलं की जाणवतं, आणि तिथं गाडी बाजूला घ्यायला जागा किती असते ते माळशेजला गेलेल्यांना विचारा.

याच्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे टायर घासतात म्हणून पुढं लोक जे करतात ते. टायर मोठा घातला, भरल्यावर मडगार्डला लागायला लागला, मग मागं जादा पाटा टाका, पाटा चॅसीला जोडणारी शॅकल लांब करा. बऱ्याच पिकअपला मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. तो चॅसीला बसवलेला असतो आणि त्याची एक दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरली आता मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडा. रिकामी असली की मागं ब्रेक कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आता तुम्ही पाटा वाढवून बॉडी वर उचलून ठेवली, तर माल भरला तरी ती खाली बसत नाही, आणि व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. दोन टन माल मागं आणि मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीचं प्रेशर, सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर. गॅरेजमध्ये उंची वाढवताना ही दांडी परत सेट करायची असते हे कितीजण करतात. काही ठिकाणी तर ती सरळ तारेने बांधून ठेवलेली बघितली आहे. हे तुमच्या लेखात यायला पाहिजे होतं असं मला वाटतं, कारण हे मालकाला बघून कळत नाही, गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही.

वजनाचं सांगतो. मोठा टायर म्हणजे जास्त वजन उचलणारा टायर असा सगळ्यांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. टायरवर साइजच्या पुढं एक आकडा आणि अक्षर असतं, १०५ एस असं काहीतरी. त्यातला आकडा म्हणजे लोड इंडेक्स, एक टायर किती वजन उचलतो ते. १०० म्हणजे एक टायर ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, ११० म्हणजे १०६०. मागं दोन टायर १०५ चे असले तर १८५० किलो, आणि त्यात मालच नाही तर गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाचं स्वतःचं वजन पण धरायचं. एसयूव्हीसाठी बनवलेला मोठा दिखाऊ टायर कधी कधी कंपनीच्या लहान पण जास्त प्लायच्या (आतल्या थरांच्या) टायरपेक्षा कमी वजन उचलणारा निघतो, आणि माणूस त्यात आधीचंच हवेचं प्रेशर मारतो कारण आकडा तोंडपाठ आहे. उन्हाळ्यात भरलेली गाडी, आतून तापलेला टायर, आणि मग रात्री हायवेला फट्ट. त्यात हे मोठे टायर बरेचदा सेकंडहँड घेतात, नवीन परवडत नाहीत म्हणून. बटणं जाड दिसतात पण साल कोण बघतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, ३२१७ म्हणजे २०१७ सालातला बत्तिसावा आठवडा, एवढं जरी बघितलं तरी पुष्कळ.

रिमचं एका ओळीत सांगतो, साडेदहा इंच रुंद टायरला कमीत कमी सात इंची रिम लागते, कंपनीच्या अरुंद रिमवर तो दाबून बसवला तर फुगलेल्या पुरीसारखा मधेच टेकतो आणि मधेच झिजतो. आणि रिमच्या मागं स्पेसर (जाड चकती) लावून चाक बाहेर काढणं माझ्या दुकानात होत नाही, वाद घालू नका.

स्पीडचा एक मजेशीर भाग आहे. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, स्पीड नाही. टायर १२ टक्के मोठा झाला की काट्यावर ८० दिसतात तेव्हा गाडी खरी ८९ च्या वर असते. कंपन्या काटा मुळातच थोडा जास्त दाखवणारा ठेवतात त्यामुळं दोन-चार टक्के त्यात जिरून जातात, बारा नाही जिरत. आणि माल वाहणाऱ्या पिकअपला ८० चा स्पीड लिमिटर असतो, तो पण त्याच फेऱ्यांवर चालतो, म्हणजे टायर बदलून तुम्ही लिमिटर पण गुपचूप वाढवला. काहीजण मुद्दाम त्यासाठीच टाकतात, तोंडाने सांगत नाहीत. याउलट अ‍ॅव्हरेजची तक्रार घेऊन येणारे खूप, टायर टाकल्यापासून लिटरला दोन किलोमीटरचा फरक पडला म्हणतात. त्यातला थोडा फरक खोटा असतो कारण किलोमीटरच कमी पडतात, गाडी ११२ चालली तरी मीटरवर १००. थोडा खरा असतो, जड टायर, रुंद टायर, खडबडीत बटणं, डिझेल जाणारच. आणि सर्व्हिसचे किलोमीटर पण मागं पडतात, ऑइल बदलायला उशीर होतो.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने जी गाडी मंजूर करून घेतली तिच्यात नोंदीशी न जुळणारा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२-अ कलम आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ट्रान्सपोर्ट गाडीच्या नोंदणीत टायरची साइज पण लिहायची असते, ही गोष्ट खाजगी गाडीवाल्यांना माहिती नसते. मग पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला काय करतात, जुने कंपनीचे टायर घरात माळ्यावर ठेवलेले असतात ते त्या दिवसापुरते चढवतात, पासिंग झालं की परत मोठे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी हा कार्यक्रम, मला त्याचे पैसे मिळतात, पण हे काय चाललंय ते सगळ्यांना दिसतंय. अपघात झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर येतो तेव्हा माळ्यावरचे टायर दाखवून चालत नाही.

मग मोठा टायर टाकायचाच नाही का, तर तसं मी म्हणत नाही. एक साइज वर, दोन-तीन टक्क्यांच्या आत, आणि त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी स्वतः तो देत असेल आणि रिम पण तीच असेल, लोड इंडेक्स आधीएवढा किंवा जास्त असेल, तर मी स्वतः टाकून देतो, बिनधास्त. पण मोजायचं भरलेल्या गाडीवर. दुकानात रिकामी गाडी उभी करून स्टिअरिंग फिरवून काही घासत नाही म्हणाले म्हणजे झालं नाही, माल भरून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, एका खड्ड्यात चाक टाकून बघायचं. नाहीतर त्याच साइजमध्ये ऑल टेरेन (डांबरी आणि कच्चा दोन्ही रस्त्यांना चालणारा) बटणाचा टायर घ्या, आमच्या काळ्या मातीत बटणाच्या खाचा माती बाहेर फेकतात की नाही यावर गाडी निघते, रुंदीवर नाही, उलट रुंद टायर चिखलावर तरंगतो आणि घसरतो, अरुंद खाली रुतून कडक जमीन धरतो. वाळूत वेगळं, पण आपल्याकडं वाळवंट नाही. आणि हाऊसिंग घासतं त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शेतातला तो मधला उंचवटा ट्रॅक्टरला ब्लेड लावून काढून टाकणे, एक तासाचं काम, पण ते सांगितलं की लोक हसतात.

ज्यांच्या घरी ती महागडी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) पिकअप आहे आणि २४५/७० आर १६ काढून २६५/७५ आर १६ टाकतात, सात टक्क्यांचा फरक, त्यांच्याशी माझं फार भांडण नाही, ते क्रेट भरत नाहीत, त्यांचं इंजिन पण दमदार आहे. तुमचा लेख त्यांच्यासाठी होता हे मला कळतं. पण तुमचा पेपर आमच्याकडं चहाच्या टपरीवर वाचला जातो, आणि तिथं बसलेला माणूस १.७ टनवाला आहे.

तेव्हा विनंती दोन. तुमच्याकडं जो कुणी गाड्यांवर लिहितो त्याने एकदा भरलेल्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून रात्रीचा माळशेज उतरावा आणि मग त्यावर लिहावं, गाडीची सोय मी करतो. दुसरी, कंपन्यांना आणि परिवहन खात्याला तुमच्यामार्फत, दरवाजाच्या खांबावर हवेच्या प्रेशरचा जो स्टिकर असतो तो बारीक अक्षरात इंग्रजीत असतो आणि वर्षभरात धुळीने पुसला जातो. त्याच्यावर मराठीत, ठळक, पत्र्यावर कोरून, या गाडीला कुठल्या कुठल्या साइजचे टायर मंजूर आहेत, लोड इंडेक्स किती पाहिजे, आणि भरलेल्या व रिकाम्या गाडीला मागं-पुढं हवा किती, एवढं लिहून द्या. मंजूर साइजची यादी कंपनीकडं असतेच, ती लपवून काय मिळतं. माझ्यासारख्या दुकानदाराला गिऱ्हाइकाशी वाद घालायला तो पत्रा पुरेल, मोबाईलातल्या फोटोपुढं माझं तोंडी सांगणं टिकत नाही.

आपला,
एक टायरवाला,
नारायणगाव परिसर, ता. जुन्नर, जि. पुणे

ता.क. स्टेपनीचं राहिलंच. चार मोठे टायर घेतात आणि पाचवा घेत नाहीत, कारण मोठा टायर चॅसीखालच्या स्टेपनीच्या जागेत बसतच नाही. मग घाटात पंक्चर झालं की एका बाजूला ३१ इंची आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा लहान, माल भरलेला, गाडी एका अंगावर, आणि डिफ्रन्शिअल सरळ रस्त्यावर पण सतत वळणावर असल्यासारखं आतल्या आत फिरत राहतं. फोर बाय फोरवाल्यांनी तर अशा वेळी फोर बाय फोर लावूच नये. लहान टायर मागं आला असेल तर जॅक लावून पुढचा मोठा मागं घ्या आणि लहान पुढं टाका, आणि हळूहळू जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जा, वाशीपर्यंत नको.